तुमच्याकडेच ठेवा

परदेशी जाणाऱ्या माणसाने दोन गोष्टी फार जपाव्यात. एक पासपोर्ट, आणि दुसरं 'ठेवा' हे क्रियापद. पासपोर्ट हरवला तर वकिलातीचे उंबरठे झिजवून नवा मिळतो. 'ठेवा' एकदा तोंडातून निसटलं की ते परत मिळवून देणारी वकिलात अजून कुठल्याही सरकारने काढलेली नाही.

माझं नाव लॉरेन्स ग्रेक. मेलबर्नच्या पश्चिम भागात, जिथे आम्हा माल्टी लोकांची निम्मी वस्ती आहे, तिथे मला सगळे लॉरी म्हणतात. कोणी सामान हलवत असलं तर 'लॉरी येतो' म्हणाले की 'लॉरी येते' म्हणाले, एवढ्यावरून काय ते समजायचं. हयात शाळेत भूगोल शिकवण्यात गेली. सहा वर्षांपूर्वी, उतारवयात माल्टाला परत गेलेल्या सासूबाईंचं दुखणं वाढलं आणि त्यांचं करायला आम्ही नवरा-बायको इथलं भाड्याचं घर सोडून माल्टाला निघालो. सामानाचं काय करायचं, हा प्रश्न होता. गोदामाचं भाडं ऐकून मला घेरी आली. मग मी मित्रांना बोलावलं आणि एका संध्याकाळी सगळं वाटून टाकलं. फ्रिज बॅरीला, लिंबाच्या झाडाची कुंडी बॅरीच्या बायकोला म्हणजे ग्लेंडाला, सोफा एकाला, व्यायामाची सायकल दुसऱ्याला आणि टेबल कीथ आणि नरेलला. प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारून मी म्हणालो, "तुमच्याकडेच ठेवा."

म्हणजे मी येईपर्यंत सांभाळा. एवढं साधं वाक्य. पण पुढचे तीन शब्द मी बोललो नाही, कारण बिअर थंड होती आणि सगळे मित्र होते.

आता या टेबलाबद्दल सांगायला हवं. इनेझचे, म्हणजे माझ्या बायकोचे वडील गोदीत सुतार होते. जुना धक्का मोडला तेव्हा त्याच्या रेड गम नावाच्या लालसर, कठीण लाकडाच्या तुळया त्यांनी घरी आणल्या आणि त्यांचं टेबल केलं. दहा माणसं ऐसपैस बसतील इतकं लांब, आणि उचलायला त्यातली सहा तरी लागतील इतकं जड. या टेबलावर इनेझ तिच्या आईच्या हाताखाली पास्तित्सी शिकली. पास्तित्सी म्हणजे आमची रिकोटा भरलेली खुसखुशीत पेस्ट्री. तिचं पीठ ओढत ओढत टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यावं लागतं. माल्टात आम्ही राहायचो त्या घरात हातभर लांबीचं ओटावजा काहीतरी होतं. सहा वर्षं इनेझने पास्तित्सी केली नाही. विकत आणली की एक घास खाऊन बाजूला ठेवायची.

सासूबाई गेल्या. मला इकडे यायची ओढ लागली. मला इथला फुटबॉल हवा, इथला थंड वारा हवा, आणि ज्यांच्याशी भांडायला चाळीस वर्षं लागली ते मित्र हवेत. इनेझची बहीण तिकडे, समुद्र तिकडे, ऊन तिकडे. ती एवढंच म्हणाली, "टेबल आहे ना जागेवर?" मी म्हणालो, "आहे म्हणजे काय! कीथकडे आहे." त्यावर तिने तिकिटं काढली. माझं एकेरी आणि तिचं परतीचं.

"हे काय?" मी विचारलं.

"टेबल बघते. असलं तर राहीन. नसलं तर दुसऱ्या सोमवारी रात्री माझं विमान आहे," ती म्हणाली आणि माझे मोजे बॅगेत कोंबू लागली. माझे मोजे अशा वेळी फार जोरात कोंबले जातात.

तर भर जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, हाडं गोठवणाऱ्या थंडीत आम्ही मेलबर्नला उतरलो. विमानतळावर इनेझने बहिणीने दिलेलं मेंढीच्या दुधाचं चीज प्रामाणिकपणे जाहीर केलं. हातमोजे घातलेल्या मुलीने ते दोन बोटांत धरून पिवळ्या डब्यात टाकलं आणि "धन्यवाद हं" म्हणाली. इनेझ म्हणाली, "आल्या आल्या माझं चीज काढून घेतलं. तुझ्या देशाने." इनेझ स्वतः इथेच जन्मली, इथेच शिकली. पण त्या क्षणापासून देश एकट्या माझा झाला.

बॅरी घ्यायला आला होता. "काय रे लॉरी, केवढा सुटलास! इनेझ, तू मात्र आहेस तशी आहेस," असं म्हणून त्याने एकाच वाक्यात माझा अपमान आणि तिची खोटी स्तुती उरकली. नवं घर मिळेपर्यंत आम्ही त्याच्याकडे राहायचं होतं. त्याच्याकडे म्हणजे त्याच्या दारातल्या कॅरव्हानमध्ये. ही चाकांवरची खोली त्याने सुट्टीत समुद्रावर न्यायला घेतली होती, आणि तिला उन्हाळ्याशिवाय दुसरा ऋतू ठाऊक नव्हता. रात्री मी कोट घालून झोपलो. इनेझ कोट, टोपी आणि मौन घालून झोपली.

सकाळी न्याहारीला आत गेलो तर स्वयंपाकघरात आमचा फ्रिज. दारावर आमचीच लोहचुंबकं, त्यातलं एक मी शाळेच्या सहलीत विकत घेतलेलं. ग्लेंडाने त्यातून दूध काढलं आणि म्हणाली, "घ्या हं, आपलंच घर समजा." मी समजायचा प्रयत्न केला. खिडकीबाहेर आमचं लिंबाचं झाड कुंडीतून निघून जमिनीत गेलं होतं आणि मजेत वाढलं होतं.

"जाताना लिंबं घेऊन जा," ग्लेंडा म्हणाली. "आमच्या झाडाला मेली इतकी येतात की काय करावं कळत नाही."

आमच्या झाडाला! इनेझने टेबलाखालून माझ्या नडगीवर बूट मारला. मी म्हणालो, "वा, वा, छान धरलंय हो तुमचं झाड." दुसरा बूट पहिल्यापेक्षा जोरात बसला.

आता तुम्ही म्हणाल, सरळ मागायचं. इथे राहून बघा. इथे कोणी काही सरळ मागत नाही आणि कोणी सरळ नाहीही म्हणत नाही. 'हो, नाही' म्हणजे नाही, 'नाही, हो' म्हणजे हो, आणि 'चिंता नको' म्हणजे चिंता करण्यासारखं काहीतरी झालेलं आहे. शिवाय ज्याच्या दारात आपण फुकट झोपतो त्याला 'तुझ्या स्वयंपाकघरातला फ्रिज माझा' असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? दूधसुद्धा त्याचंच होतं.

"मला फ्रिज नको, सायकल नको," कॅरव्हानमध्ये परतल्यावर इनेझ म्हणाली. "माझं टेबल कुठाय ते बघ. मित्र तुझे, दिलंस तू, मागायचंही तूच. मी तोंड उघडणार नाही."

बायको तोंड उघडणार नाही म्हणाली की नवऱ्याला बरं वाटायला हवं. मला दरदरून घाम फुटला, त्या थंडीत.

दरम्यान घर मिळवणं हे आणखी एक प्रकरण होतं. दोन खोल्यांचं एक युनिट, म्हणजे सामायिक आवारातलं छोटं घर, आम्हाला पसंत होतं, पण एजंटाच्या कचेरीत ओळख पटवायला कागदपत्रांचे शंभर गुण भरावे लागतात. पासपोर्टचे सत्तर मिळाले. उरलेल्या तिसांसाठी तिथल्या मुलीला माझ्या सध्याच्या पत्त्यावरचं विजेचं बिल हवं होतं.

"सध्या मी कॅरव्हानमध्ये राहतो," मी म्हणालो.

"मग कॅरव्हानचं बिल आणा."

"बाई, वीज बॅरीच्या घरातून वायर टाकून घेतलीय."

"मग तुम्ही राहता कुठे?"

"ते ठरवायलाच तर इथे आलोय!"

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की चाळीस वर्षं मी नापास मुलांकडे कसा पाहत असेन ते मला कळलं. शेवटी बॅरीने कोर्टाच्या कारकुनासमोर शपथ घेतली की हा गृहस्थ माझ्या दारात झोपतो. पुढच्या शनिवारी किल्ली मिळेल असं ठरलं. शपथेच्या बदल्यात मला बॅरीबरोबर त्याच्या घराच्या पन्हळी साफ कराव्या लागल्या.

पन्हळी साफ करत असतानाच कुंपणापलीकडून पानायोती नावाच्या म्हाताऱ्याने हाक मारली. हा बॅरीचा ग्रीक शेजारी, वय ऐंशीच्या पुढे, आणि सल्ला द्यायला वयाची अट नसती तरी त्याने जन्मतःच सुरुवात केली असती. बॅरी खाली शिडी धरायच्या ऐवजी फोनवर बोलायला गेला होता, म्हणून मी पानायोतीला सगळी कर्मकथा सांगितली.

"पोरा," पानायोती म्हणाला (मी सहासष्ट वर्षांचा आहे), "मागू नकोस. मागितलंस की तू भिकारी. उसनं घे."

"माझंच टेबल उसनं घेऊ?"

"मग! तू दिलंस ते त्यांचं झालं की नाही? आता ते देतील ते तुझं होईल. घरात पाहुणे जेवायला येणारेत म्हण, चार दिवस द्या म्हण. परत कोण देतो? मी या मोहल्ल्यातून उसनी आणलेली शिडी ही बघ."

ती बॅरीची शिडी होती. मी त्याच शिडीच्या दुसऱ्या भावंडावर उभा होतो. मला सल्ला एकदम पटला.

इनेझला घेऊन कीथकडे गेलो. कीथ माझ्याच शाळेत गणित शिकवायचा. दार उघडलं तर एक खुर्ची, एक टीव्ही आणि दाढी वाढलेला कीथ. त्याचं आणि नरेलचं फाटून दोन वर्षं झाली होती. कोणी आम्हाला कळवलं नव्हतं, कारण प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याने कळवलं असेल. एका खुर्चीवर इनेझ बसली, मी उभा, आणि कीथने आम्हाला पावात गुंडाळलेलं सॉसेज दिलं.

"टेबल नरेलकडे राहिलं," कीथ म्हणाला. "पण अर्धं माझं आहे. लॉरी, तूच दिलंस ना आम्हा दोघांना? हिशेबाने बघितलं तर पाच माणसांचं माझं."

इनेझने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. टीव्हीकडे बघत राहिली, आणि टीव्ही बंद होता.

"तिला काही सांगू का तुझ्याकडून?" दारातून निघताना मी विचारलं.

"हो, नाही," कीथ म्हणाला. मग थोड्या वेळाने, "ती बरी आहे का, ते मला सांग."

नरेलने आम्हाला चहाला बोलावलं, म्हणजे इथल्या भाषेत रात्रीच्या भरपेट जेवायला. हातात टॉवेल घेऊन तिने आमच्या गळ्यात हात टाकले, आणि आत शिरताच मला टेबल दिसलं. म्हणजे टेबलाचे पाय दिसले. वर या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन हजार तुकड्यांचं चित्रकोडं पसरलेलं होतं. समुद्रातल्या प्रवाळांचं चित्र. कोपऱ्यात एक कासव जुळलं होतं, बाकी सगळं निळं.

मी पानायोतीचा मंत्र म्हटला. "नरेल, रविवारी आमच्या नव्या घरी सगळ्यांना जेवायला बोलवायचं म्हणतोय. हे टेबल चार दिवस उसनं देशील?"

"चिंता नको!" नरेल म्हणाली. मी मनात पानायोतीला नमस्कार घातला. "कोडं तेवढं पुरं झालं की घेऊन जा. आठ महिने झाले, थोडंच राहिलंय."

थोडंच म्हणजे सगळा पॅसिफिक महासागर राहिला होता.

आणि अशा रीतीने सहा वर्षांनी मायदेशी परतलेला माणूस, ज्याने नदीकाठी फिरावं, मॅच बघावी, जुन्या शाळेत चक्कर मारावी, तो रोज सकाळी नरेलच्या घरी जाऊन निळे तुकडे जुळवू लागला. मित्र भेटायला बोलवायचे, तर मी म्हणायचो, नरेलकडेच या. मग तेही येऊन बसायचे. ग्लेंडा कडा जुळवायची. बॅरी दर तुकडा दाबून बसवायचा, बसत नसला तर मुठीने. पानायोती 'मी नुसता बघतो' म्हणून आला आणि प्रत्येकाच्या हातातला तुकडा बघून "तिथे नाही, पोरा, तिथे नाही" म्हणत राहिला. कुठे, हे त्यालाही माहीत नव्हतं. भूगोलाचा माणूस म्हणून समुद्राची सगळी जबाबदारी माझ्यावर आली. माझे डोळे इतके निळे झाले की रस्त्यावरचा लाल दिवा मला दिसेना आणि मी दंड भरला.

रात्री रोज ट्यूना आणि चीज घालून भट्टीत भाजलेला मॅकरोनीचा एकच पदार्थ. इनेझ जेवताना टेबलाच्या मोकळ्या राहिलेल्या कडेवर तळहात ठेवून बसायची. सोमवार जवळ येत होता आणि मी समुद्राच्या तळाशी होतो.

शनिवारी युनिटची किल्ली मिळाली, आणि त्याच रात्री शेवटचा तुकडा बसला. टाळ्या झाल्या, बॅरीने बिअर फोडली. मला वाटलं, सुटलो. रविवारी दुपारी टेबल उचलायला सहा माणसं हवी होती. बॅरी, मी, पानायोती, ग्लेंडा, इनेझ अशी पाच जमली, नरेल दारं धरणार होती, म्हणून मी कीथला फोन केला. तो दाढी करून आला. नरेलने दार उघडलं. दोघं एकमेकांच्या बुटांकडे बघत "बरा आहेस ना", "हो, नाही, बरं आहे" एवढं बोलले.

"थांबा हं, कोडं उचलून घेते," नरेल म्हणाली. "रात्री चिकटवून ठेवलंय. फ्रेम करणार आहे."

तिने कडेला नख घातलं. मग दुसऱ्या कडेला घातलं. मग सुरी आणली. ती सुरीने खरवडू लागली तेव्हा आमच्या सगळ्यांच्या लक्षात हळूहळू आलं.

"खाली कागद घातला होतास ना?" ग्लेंडाने विचारलं.

"कागद?" नरेल म्हणाली.

"डिंक किती लावलास?"

"अख्खी बाटली. पानायोती म्हणाले, भरपूर लाव."

"कमी लावला की निघतो," पानायोती अभिमानाने म्हणाला. "हा आता निघत नाही."

सगळा समुद्र, प्रवाळ, कासव, माशांसकट, माझ्या सासऱ्याच्या टेबलाला कायमचा चिकटला होता. बॅरीने शास्त्रशुद्ध परीक्षा म्हणून टेबल एका बाजूने उचलून तिरपं केलं. एकही तुकडा हलला नाही.

"मग टेबल कसं नेणार?" नरेल रडवेल्या आवाजात म्हणाली. "माझं कोडं आहे त्याच्यावर. आठ महिन्यांचं."

"अर्धं टेबल तर माझंच आहे," कीथला नेमकं तेव्हाच आठवलं.

"तुझं? तू खुर्ची घेऊन गेलास ना?"

"रंध्याने तासता येईल," बॅरी म्हणाला. "माझा एक मित्र आहे."

"पाणी तापवून ओता," पानायोती म्हणाला.

इनेझने कासवाच्या पाठीवरून एकदा बोट फिरवलं. मग खुर्चीवरची पर्स उचलली आणि मला म्हणाली, "चल लॉरी. मला बॅग भरायची आहे." आवाज अगदी साधा होता.

मी आयुष्यात वर्गाबाहेर कधी ओरडलेलो नाही. त्या दिवशी ओरडलो.

"हे टेबल तुझं नाही, नरेल! तुझंही नाही, कीथ! इनेझचं आहे! तिच्या वडिलांनी बनवलंय! मी सांभाळायला दिलं होतं, सांभाळायला! आणि बॅरी, तो फ्रिज माझा आहे! आणि ग्लेंडा, ते लिंबाचं झाड माझं आहे, माझीच लिंबं तू मला पिशवीत घालून देतेस आणि मी आभार मानतो! मी आठवडाभर माझंच टेबल उसनं मिळावं म्हणून समुद्र जुळवतोय! ही बाई उद्या रात्री मला सोडून चाललीय, आणि तुम्ही रंधा काढताय!"

बॅरीच्या हातातून टेबलाची कड सुटली आणि जमीन हादरली.

"मग बोलला का नाहीस, बाबा?" बॅरी म्हणाला.

"कसं बोलणार! तुम्ही वापरत होता!"

"वापरत?" ग्लेंडा म्हणाली. "अरे, तो फ्रिज रात्रभर घरघरतो! सहा वर्षं बॅरी कानात कापूस घालून झोपतो. नवा घेऊ या म्हटलं की हा म्हणतो, लॉरीने प्रेमाने दिलाय, तो परत आला आणि फ्रिज दिसला नाही तर त्याला काय वाटेल?"

"आणि लिंबू मला सोसत नाही," बॅरी म्हणाला. "अंगावर पुरळ उठतं."

"मग झाड जमिनीत का लावलंत?"

"कुंडीत मरायला लागलं होतं. मित्राचं झाड मरू द्यायचं?"

नरेल खाली बसली. "या टेबलावर माझी कंबर रोज आपटते," ती म्हणाली. "या घराला हे टेबल मावतच नाही. कीथ गेल्यावर तर... दहा माणसांच्या टेबलावर एकटीने टोस्ट खायचा म्हणजे काय, तुम्हाला माहीत नाही. म्हणून झाकून टाकलं कोड्याने. तुम्ही लग्नाच्या वाढदिवसाची भेट दिलीत असं वाटलं, म्हणून टाकवेना." मग ती इनेझकडे वळली. "तू तरी सांगायचंस, बये!"

"मी ठरवलं होतं, बोलायचं नाही," इनेझ म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. नरेलच्याही आलं. कीथने खिशातला रुमाल काढला, पण दोघींपैकी कोणाला द्यावा हे न कळून स्वतःच नाक पुसलं.

टेबल आम्ही समुद्रासकट उचललं. सहा माणसं, त्यातला एक ऐंशीच्या पुढचा आणि सारखा "डावीकडे, पोरांनो" म्हणणारा. त्याचं डावं कधी उजवं व्हायचं. युनिटच्या दारातून ते आडवं, उभं, तिरपं करत आत घातलं तेव्हा भिंतीचा एक कोपरा आणि माझ्या बोटाचं एक नख गेलं. आत गेल्यावर कळलं की दिवाणखाना म्हणून जी खोली होती तिच्यात टेबल तेवढं बसलं, माणूस बसेना. खिडकीकडे जायचं तर त्याच्या खालून जावं लागत होतं.

खरा कहर सोमवारी सकाळी झाला. बॅरीने रात्रभर फोन फिरवले होते. लॉरीला त्याचं सामान परत हवंय, ही बातमी सगळ्या उपनगरात पोचली, आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सकाळी दार उघडतो तो फ्रिज घरघरत उभा, त्याच्या शेजारी लिंबाचं झाड मुळासकट, एका पिंपात. पाठोपाठ सोफा आला, व्यायामाची सायकल आली, गंजलेली बार्बेक्यूची शेगडी आली, मेंढ्यांचं एक भलंमोठं तैलचित्र आलं. ज्यांना काही दिल्याचं मला आठवतही नव्हतं ती माणसं येऊन माझे हात हातात घेत होती. "जपून ठेवलं बरं का रे, एक दिवस विसरलो नाही," म्हणायची आणि पळत गाडीत बसायची. एकाच्या चेहऱ्यावर तर मुलीचं लग्न पार पडल्याचं समाधान होतं.

युनिटांचा सेक्रेटरी हातात नियमांची प्रत घेऊन आला. सामायिक रस्त्यावर काही ठेवता येत नाही, म्हणाला. मी म्हणालो, मी ठेवलेलं नाही, मला ठेवलंय. त्याला ते कळलं नाही आणि त्याचा दोष नव्हता. संध्याकाळपर्यंत रस्ता मोकळा हवा, नाहीतर दंड, असं सांगून तो सोफ्यावर थोडा वेळ बसला, कारण सोफा खरंच चांगला होता. शेवटी त्यानेच तो उचलून नेला. सायकल समोरच्या पोरीने नेली, शेगडी बॅरीने पुन्हा घेतली. मेंढ्या मात्र कोणी नेईना.

दिवसभर या धावपळीत इनेझ दिसली नाही. विमान रात्री दहाचं होतं. मी घामाघूम होऊन संध्याकाळी आत गेलो तेव्हा ती पिठाने माखलेली होती. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रवाळांवरून, माशांवरून, कासवावरून, पातळ पीठ ओढत नेलेलं. नरेल दुसऱ्या टोकाला उभी राहून ते धरत होती. तिला इनेझनेच फोन करून बोलावलं होतं. कीथ रिकोटा फेटत होता आणि दोन हातांचं अंतर राखून नरेलशी मिठाबद्दल बोलत होता.

मग सगळे आले. खुर्च्या नव्हत्या, भिंतीला टेकून खाल्लं. पास्तित्सीच्या तळाला तुकड्यांच्या रेघा उमटल्या होत्या. बॅरीने एक उलटी करून पाहिली आणि म्हणाला, "माझ्या वाट्याला कासवाचं डोकं आलंय."

इनेझ हसली. विमानतळावर चीज गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती, आणि इतकी हसली की तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला. मी घड्याळाकडे पाहिलं. आठ वाजून गेले होते. विमानतळ बऱ्यापैकी लांब आहे. मला काही विचारायचा धीर होईना, म्हणून मी तिसरी पास्तित्सी खाल्ली, मग चौथी.

ती हात पुसत माझ्याकडे वळली.

"या घराला पडदे नाहीत," ती म्हणाली. "समोरचा माणूस सारखा आत बघतो. उद्या सकाळी खिडकीची मापं घे."

"कुठल्या रंगाचे घ्यायचे?"

"ते मी बघीन. तू नुसती मापं घे. आणि त्यात कोणाचा सल्ला घेऊ नकोस."

पानायोती काहीतरी बोलायला तोंड उघडत होता. मी उद्यापर्यंत थांबलोच नाही. बॅरीच्या खिशातून टेप काढली, गुडघ्यांवर बसलो आणि टेबलाखालून खिडकीकडे रांगत गेलो.